इंजनाले गोडं पाणी

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा मी ओट्यावर बसून कार्बोरेटरची जेट फुंकत होते. "आजी, तुम्ही वऱ्हाडातल्या. एखादी जुनी, विसरली गेलेली पाककृती द्याल का आमच्या वाचकांना?"

म्हटलं, देते की. घ्या लिहून. साहित्य : दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम एक, बाभळीच्या लाकडाची मजबूत घोडी एक, बोटीची मोटर एक, अक्कल चिमूटभर. पाणी अंदाजे.

या 'पाणी अंदाजे'नंच माझी पाच वर्षं खाल्ली आणि शेजारच्या एका माणसाचा जीव टांगणीला लावला. तेवढी हकीकत सांगते. पुरणपोळी तुम्हाला कोणीही शिकवेल.

आमचं गाव भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या वळणावर. जमीन काळीभोर, कापूस डोक्याएवढा होतो. पण बोअर मारली की खारं पाणी. या पट्ट्याला खारपाणपट्टाच म्हणतात. गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण त्याची चव सगळ्यांना पाळण्यापासून ठाऊक. गोडं पाणी नळाला आठव्या दिवशी येतं, आणि ते आलं की बायका लग्नाची वरात आल्यासारख्या धावतात. उरलेले सात दिवस ते कळशीत झाकून, देवासारखं ठेवायचं.

आमच्या ह्यांचं डिझेल इंजिनं दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न होऊन आले तेव्हा माझं काम बॅटरी धरायचं. मग पाने उचलून द्यायचं. मग चुकीचा पाना मागितला की बरोबरचा द्यायचं. एका हंगामात ह्यांचा हात मोडला आणि ओलिताच्या दिवसांत दारात सात इंजिनं उभी राहिली. ती मी खोलली, आणि विशेष म्हणजे परत जोडलीसुद्धा. तेव्हापासून मी मिस्त्रीणबाई. नवं गिऱ्हाईक आलं की ठरलेला संवाद व्हायचा.

"मिस्त्री हायेत काय घरी?"

"मी हावो ना."

"तसं नाई, माणूस मिस्त्री पायजे."

"माणूसच हावो बाप्पा. तुमाले काय वाटलं, म्हैस हावो?"

तर एका मोठ्या पुरानंतर सरकारकडून गावाला एक रबरी बोट मिळाली, आणि बोटीला मागून टांगायची एक मोटर. पूर आला की आमच्या गावाचं तीन-चार दिवस बेट होतं. रस्ता पाण्याखाली, एसटी बंद, दवाखाना पलीकडे. म्हणून बोट. आणि गावात इंजिनाशी बोलणारी मी एकटी, म्हणून मोटर माझ्या स्वाधीन. सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते मी लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं. बरणी डुगडुगत होती, ती स्थिर झाली. पुस्तकाचा तेवढा उपयोग मी पहिल्याच दिवशी केला.

त्या वेळची मी मला आज रस्त्यात भेटली, तर मी तिचा कान पिळीन. चाळिशीतली, पदर खोचलेली, आणि अंगात अशी मस्ती की जणू डिझेल हिनंच शोधून काढलं. "इंजन म्हणजे इंजन. त्याले काय नदी दाखवा लागते?" असं म्हणून मी ती मोटर अंगणात घोडीवर चढवली आणि दोरी ओढून कोरडीच सुरू केली. अर्धं गाव जमलेलं. काय आवाज! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वेग वाढवला. लोकांनी आणखी वाजवल्या. तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला, "काव, भाकर करपून राहिली काय?"

भाकर नव्हती. मोटर होती.

बाहेरच्या माणसासाठी सांगते. बोटीच्या मोटरीचं डोकं पाण्याच्या वर असतं आणि पाय पाण्यात. पायात रबराचं एक पाकळ्यापाकळ्यांचं चाक असतं. ते खालचं पाणी ओढून वर डोक्यापर्यंत पाठवतं, म्हणजे डोकं थंड राहतं. शेतातल्या इंजिनासारखी वेगळी टाकी नाही. नदी हीच तिची टाकी. जमिनीवर कोरडी चालवली की ते रबर स्वतःशीच घासतं आणि मिनिटभरात त्याच्या पाकळ्या जळून झडतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग भर पुरात, मधल्या धारेत, डोकं तापून मोटर बंद पडते.

पाणी वर चढतंय हे कळायला मोटरीच्या बाजूला बारीक भोक असतं. सगळं नीट असेल तर तिथून एक धार सुटते, करंगळीपेक्षा बारीक, सतत. पुस्तकात तिला भारदस्त नाव असेल. आमच्या गावात एकच प्रश्न विचारतात : "मुतली का?" मुतली, तर पुढे जा. नाही मुतली, तर ताबडतोब बंद कर. सगळी विद्या एवढीच आहे.

रबराचं चाक नागपूरहून मागवलं, पुस्तक बरणीखालून काढलं आणि तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. तेव्हा कळलं की जमिनीवर चालवायची तर पाय ड्रममध्ये बुडवायचा. पाणी ओढायच्या जाळीच्या वर वीतभर पाणी पाहिजे. बोट ढकलणारा खालचा पंखा आधी काढून ठेवायचा. गिअर मधोमध, म्हणजे पुढेही नाही, मागेही नाही. पेट्रोलची टाकी लांब, मोटर उघड्यावर. बंद खोलीत तिचा धूर माणूस मारतो. आणि मोटरीची लाल दोरी मनगटाला अडकवायची, म्हणजे आपण पडलो की मोटर बंद. पदर खोचायचा, वेणी आत, कारण झाकण काढलं की वरचं चाक उघडं फिरतं. हे शेवटचं मात्र पुस्तकातलं नाही. ते माझ्या एका हिरव्या पातळाला विचारा. दुकानात अजून त्याची फडकी आहेत.

पंखा काढायचा म्हटलं की मला बार्शीटाकळीचे बाबारावजी आठवतात. मोठे शेतकरी, मोठं शेततळं, हुरड्याला पाहुणे बोलवायचे. पाहुण्यांना फिरवायला त्यांनी कुठून तरी जुनी बोट आणि मोटर आणली. मी फोनवर सगळं समजावलं. ते म्हणाले, "हो हो, समजलं." समजलं म्हणणाऱ्या माणसाची मला तेव्हापासून भीती वाटते. पंखा तसाच ठेवून, प्लास्टिकच्या ड्रममध्ये, अंगणात त्यांनी मोटर सुरू केली. वर गिअर टाकून पाहिला. ड्रम उभा फाटला. दोनशे लिटर पाणी अंगणभर गेलं, आणि अंगणात बाजांवर त्यांच्या बाईसाहेबांच्या वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या. मी पोचले तेव्हा बाजा उलट्या, कुरडया पाण्यात परत गव्हाचा चीक व्हायच्या बेतात, आणि बाईसाहेब लाटणं घेऊन ओसरीवर.

"पंखा काहून नाई काढला?" मी विचारलं.

"मिस्त्रीणबाई, पंख्याबिगर फोटो चांगला नाई येत ना."

मी हसले खूप. पण हसायचा अधिकार मला नव्हता. माझी स्वतःची चूक त्या वेळी घरी माझ्या ड्रममध्ये शांत बसलेली होती.

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, मी मोटर ड्रममध्ये चालवायची. आणि ड्रम भरायची बोअरच्या पाण्यानं. दुसरं कशानं भरणार? मोटरीचा धूर पाण्यातूनच बाहेर पडतो, पाण्यावर तेलाचा तवंग येतो, नंतर ते गुरंही पीत नाहीत. मे महिन्यात दोनशे लिटर गोडं पाणी असं नासवलं असतं, तर मला गावातून हाकललं असतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तो विचारही आला नाही. कोकणातला माणूस समुद्रातून आलेली मोटर गोड्या पाण्यानं धुतो, कारण समुद्र खारा हे त्याला माहीत असतं. आमच्या रोजच्या पाण्याला खारं म्हणायचं मी कधीच सोडून दिलं होतं. ते नुसतं पाणी होतं.

पहिल्या वर्षी धार अंगणाच्या मध्यापर्यंत जायची. दुसऱ्या वर्षी अलीकडे. चौथ्या वर्षी ठिबक-ठिबक. मी ह्यांना म्हटलं, "हिचं वय झालं. तुमच्यासारखंच." हे दोन दिवस बोलले नाहीत.

पाचव्या वर्षी निरोप आला. एक साहेब येणार, सगळ्या मोटरी तपासणार. जी नीट चालणार नाही ती भंगारात, आणि तिची बोट दुसऱ्या तालुक्यात. चार दिवस होते. मी मोटर ड्रममध्ये उभी केली, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू. धार नाही. एक थेंब नाही. थोड्या वेळात आतला भोंगा किंचाळायला लागला : डोकं तापलं.

रबराचं चाक बदलायचं म्हणून मोठ्या रुबाबात पाय खोलला. चाक चांगलं होतं. तरी बदललं, कारण मिस्त्रीला काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नाही. परत सुरू केली. परत भोंगा. एक दिवस गेला. दुसराही गेला.

शेजारची गोदाबाई कुंपणावरून बघत होती. गोदाबाई माळ्याची, झेंडू आणि भाजी अमरावतीला नेऊन विकायची. तिचे मालक सखारामभाऊ. त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस. एक पाळी चुकली की अंगावर सूज, दुसरी चुकली तर डॉक्टर पुढचं बोलायचे नाहीत. आदल्या पावसाळ्यात पुराच्या दिवसांत त्यांना दोनदा याच बोटीतून पलीकडे नेलं होतं. बोट गेली तर काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. गोदाबाई कुंपण ओलांडून आली.

"काय व, चालन ना मोटर?"

"चालन."

"तुया आवाजावरून तं नाई वाटत."

तिनं ड्रममध्ये बोट बुडवलं, नेहमीच्या सवयीनं जिभेला लावलं आणि थुंकली.

"बोअरचं हाय?"

"मंग काय गंगेचं आणू?"

"आमच्या ह्याईले डॉक्टरनं पयलं काय बंद केलं माहीत हाय काय? हेच पाणी. म्हणे मायबाई, हे पिऊन पिऊन किडनीची वाट लागली. आन तू आपल्या इंजनाले पाच वर्षं तेच पाजून राहिली. मंग थे कुठून मुतन?"

ती टोमणा मारून निघाली. मी पाना ठेवायला दुकानात गेले.

दुकानात मागे चहाचं पातेलं होतं. त्याच्या बुडाला बोटभर पांढरी पापडी. आमच्याकडे प्रत्येक घरात प्रत्येक पातेल्याला असते. दर महिन्याला चिंचेनं घासतो. मी वर्षानुवर्षं पातेली घासत होते आणि मिस्त्री म्हणून मिरवत होते, आणि ही दोन कामं माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटलीच नव्हती! पाण्यानं वर जायचं, डोक्यात तापायचं, आणि सुकताना मीठ-चुना मागे ठेवायचा. पातेल्यात पापडी धरते, तर मोटरीच्या सुतळीएवढ्या वाटांमध्ये काय होत असेल?

डोक्यावरचे बोल्ट काढले. आत पाण्याची वाट उघड-बंद करणारी एक छोटी झडप असते. ती दिसेचना. तिथे चुन्याची कांडी होती. मला एवढा आनंद झाला आणि एवढी लाज वाटली की दोन्ही एकदम कशी करायची ते कळेना, म्हणून मी ह्यांच्यावर ओरडले.

"ॲसिड ओतू?" हे म्हणाले. फरशी धुवायची बाटली घेऊन तयारच.

"काई नाई ओतायचं! ॲल्युमिनियम हाय, खाऊन टाकन. शरबताचं लिंबूसत आणा."

गावातल्या दोन्ही दुकानांतलं लिंबूसत संपवलं. कोमट पाण्यात कालवून झडप त्यात बुडवली, आणि वाटांमध्ये ते पाणी वरून भरून भोक चिंधीनं बंद केलं. आतून सोड्याच्या बाटलीसारखा आवाज येत होता. दर दोन तासांनी जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. पहिल्यांदा ताक निघालं. मग दूध. मग निवळी. शेवटी मी तोंडानं फुंकर मारली, आणि ती दुसरीकडून बाहेर आली. पाच वर्षांत इतका गोड वारा मी खाल्ला नव्हता.

आता पाहिजे होतं पाणी. ड्रमभर गोडं पाणी. नळ येऊन गेला होता परवा, साहेब येणार उद्या. मी गोदाबाईकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं : चूक माझी, पाच वर्षांची, आणि पुन्हा खारं पाणी तिला पाजायचं नाही. गोदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे मी मिस्त्री झाली."

"झाली."

"मोठ्यानं बोल."

"झाली व बाई!"

मग ती घरोघरी गेली. मला वाटलं हात जोडेल. ती भांडली. "एक एक कयशी काढा. पुरात कोणाले दवाखान्यात जा लागन, हे कोणाच्या कपायावर लिहून हाय काय? आज माया घरचा हाय, उद्या तुया घरचा राहीन."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पुण्याकडचे, सभ्य, पांढरी पँट. उन्हानं हैराण झालेले. ड्रम जेमतेम अर्धा भरला होता, बायकांची रांग लागलेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"अहो बाई, एवढं पाणी कशाला? दहा सेकंद सुरू करून दाखवा. आवाज ऐकतो, सही करतो. मला पुढे दर्यापूरला जायचंय."

माझ्या व्यवसायात मला मिळालेली सगळ्यात सोपी संधी ती हीच. दहा सेकंदांत भोंगा वाजला नसता. मोटर पास, बोट गावात, माझी चूक कायमची गाडलेली. पाच वर्षांपूर्वीची मी असते तर दोरी ओढलीही असती, वर टाळ्या घेतल्या असत्या. पण कुंपणापाशी सखारामभाऊ खुर्चीवर येऊन बसले होते. पुरात त्या मोटरीच्या भरवशावर ते बसणार होते, सही नव्हे.

मी म्हटलं, "साहेब, कोरडी चालवली तर जळते. मी जाळून पाहिली आहे. बसा, चहा घ्या. गोड्या पाण्याचा आहे."

साहेब बसले. ड्रम भरला. शेवटची कळशी गोदाबाईची. ती तिनं मालकांसाठी मोजून ठेवलेल्या पिण्याच्या पाण्यातून आणली होती, हे मला नंतर कळलं. मी पंखा काढलेला पुन्हा पाहिला, गिअर पाहिला, लाल दोरी मनगटाला अडकवली. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. सुरू!

सगळं गाव एका भोकाकडे बघत होतं. असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. मी मनात मोजत होते. पाच. आठ. साहेब नीट दिसावं म्हणून वाकून जवळ आले. बारा. भोक खोकलं, एक पांढरा गोळा थुंकलं, आणि जी धार सुटली ती थेट साहेबांच्या पांढऱ्या पँटवर.

"मुतली! मुतली व माय!" बायकांनी एकच गलका केला. कळश्या वाजवल्या. आमचे हे चक्क नाचले.

साहेब रुमालानं पँट पुसत म्हणाले, "काय म्हणतायत सगळ्या?"

"म्हणतायत, पाण्याचा प्रवाह सुरळीत सुरू झाला."

साहेबांनी वीस मिनिटं उभं राहून मोटर पाहिली. भोंगा वाजला नाही. मग त्यांनी अहवालात सुंदर अक्षरात लिहिलं : 'शीतकरणाचा जलनिर्गम समाधानकारक.' ते वाक्य मी पाठ केलं. ह्यांच्या तब्येतीची कोणी चौकशी केली की मी तेच सांगायची.

मोटर मुळात बिघडवली कोणी, हे मी साहेबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आजूबाजूच्या कितीतरी गावांत तशाच मोटरी, तसेच ड्रम, तसंच पाणी होतं. ते शहाणपण मी दोन-तीन वर्षं माझ्या अब्रूखाली दडवून ठेवलं, जसं पुस्तक बरणीखाली. मग एकेका गावी जाऊन सांगत सुटले. त्या दोन-तीन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं. पँटचं वाटत नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी पूर्णा चढली. रस्ता गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सखारामभाऊंची पाळी होती. मोटर मी चालवली. समोर सखारामभाऊ पोत्यासारखे गुंडाळलेले, त्यांच्या शेजारी गोदाबाई डोळे मिटून. पाणी मातकट, मध्येच अख्खं बोराटीचं झाड वाहत आलेलं. मी नदीकडे कमी आणि त्या भोकाकडे जास्त बघत होते. धार चालू होती. ऐन मध्यात, जिथे मला वाटलं होतं कोणी श्वासही घेणार नाही, तिथे सखारामभाऊ बोलले. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस.

"वैनी, मायापक्षा तुयी मोटर बरी मुतते."

गोदाबाईनं डोळे उघडून त्यांना एक चापट मारली आणि मग इतकी हसली की बोट हलली. पलीकडे काठावर जीप उभी होती. पाळी चुकली नाही.

त्यानंतर सखारामभाऊ सहा वर्षं होते. गेले ते घरी, उन्हाळ्यात, झोपेत. त्या सहा वर्षांत पुरामुळे त्यांची एकही पाळी चुकली नाही. मी पुरस्कार-बिरस्कार काही मिळवले नाहीत, पण हे एक वाक्य मी कोणासमोरही ताठ मानेनं म्हणू शकते.

आता दोरी ओढायला माझा खांदा ऐकत नाही. बचत गटाच्या बायका मोटर चालवतात; मी खुर्चीवर बसून चुका काढते. मे महिन्यात मोटर ड्रममध्ये उभी करायचा दिवस आमच्या गावात सणासारखा झालाय. घरटी एक कळशी गोडं पाणी, कोणी मागत नाही, आपोआप येतं. पहिली कळशी गोदाबाईची. सखारामभाऊ नाहीत, तरी तिचीच. ओतताना ती मोटरीला सुनेला म्हणावं तसं म्हणते, "पे माय, पोटभर पे."

मग मोटर सुरू होते, सगळ्या भोकाकडे बघतात आणि धार सुटते. मोटर बरी आहे की नाही ते धारेला हात लावून कळतं : गार असली तर अजून तापली नाही, पोळली तर बंद कर, कोमट असली तर ठणठणीत. ते बघायचा मान मी मिस्त्रीकडे सोपवलाय. गोदाबाई हात पुढे करते, धार तळव्यावर घेते, डोळे मिटून क्षणभर थांबते आणि गावाला निकाल सांगते.

"कोमट हाय व. लेकराची असते ना, तशी."